शेवटची सोळा पानं

सटवाजी वाव्हळे यांनी उभ्या आयुष्यात एकही माणूस मारला नाही, ही गोष्ट परभणीतल्या बावीस घरांमधल्या बायकांना पक्की माहीत होती. ही बावीसही घरं मुसलमानांची होती, पडद्याची होती, आणि सटवाजींचा चेहरा त्यांतल्या बहुतेकींनी दारावरच्या टाटाच्या, म्हणजे गोणपाटाच्या पडद्याच्या, विणीतून दिसला तेवढाच पाहिला होता. तरी खात्री होती. ज्या कादंबरीत लिहिणाऱ्यानं नायक मारला असेल, तीच कादंबरी सटवाजींच्या हाताखालून गेली की नायक जिवंत निघे, त्याचं लग्न होई, आणि खुनी फाशी न जाता पश्चात्ताप होऊन हजला जाई.

सटवाजी मूळचे जिंतूर तालुक्यातल्या बोरीचे. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत होती म्हणून उर्दूत शिकले. बसायची जागा दाराबाहेर होती. पण मौलवीसाहेबांना चांगलं अक्षर दिसलं की जात दिसेनाशी होई, त्यामुळे बोरू घोटून घोटून सटवाजींचं अक्षर छापल्यासारखं झालं. मग अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात राज्य गेलं आणि पाच दिवसांत सटवाजींची विद्या जुनी झाली. एवढ्या थोड्या वेळात एवढं निरुपयोगी होणं फार कमी विद्वानांच्या वाट्याला येतं. नशिबानं कचेरीत जुन्या उर्दू कागदांचे ढीग होते, ते वाचून लावायला आणि शिवून बांधायला दफ्तरी पाहिजे होता. सटवाजी चिकटले. छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव, भूत, नवस, शकुन हे सगळं एका दिवसात सोडलं. त्यांच्या पत्नी सुलाबाई म्हणत, ‘‘सगळं सोडलं, बेगमा तेवढ्या न्हाई सोडल्या.’’

बेगमा म्हणजे कादंबऱ्यांतल्या. हैद्राबादला कायमचं निघालेल्या एका वकिलानं पेटीभर उर्दू कादंबऱ्या बांधायला टाकल्या आणि न्यायला आलाच नाही. त्यावरून बासष्टच्या सुमारास सटवाजींची फिरती लायब्ररी सुरू झाली. रविवारी सकाळी सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून ते निघत. दारासमोर घंटी वाजवली की टाटाखालून एक टोपली बाहेर सरके. वाचलेलं पुस्तक काढायचं, नवं ठेवायचं, टोपली आत जाई. त्या पुस्तकांत एक मोठी हवेली असे, तिच्यात लहानपणी ठरलेली सोयरीक असे, खोकणारी एक फुफी, म्हणजे आत्या, असे, आणि एक खोली कुलूपबंद असे. निम्म्या पुस्तकांत त्या खोलीत प्रेम असे, निम्म्यांत प्रेत. सटवाजी ही पुस्तकं न्यायाधीशाच्या चेहऱ्यानं वाचत.

पुस्तक फार हाताळलं की शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांची शेवटची घडी, आधी सुटतो. शेवटची सोळा पानं गळतात. खुनाची कादंबरी सोळा पानांनी कमी करून बाईच्या हातात देणं किती धोक्याचं असतं, हे सटवाजींनी एकदा अनुभवलं. टाटाआडून अर्धा तास बोलणी खाल्ली. तेव्हापासून ते गळालेला शेवट आठवेल तसा स्वतः लिहून शिवू लागले. आठवला नाही तर ठरवत. ठरवायला बसले की त्यांना कोणाला मारवत नसे. सुलाबाई भाकरी थापता थापता विचारत, ‘‘आज कोणाचं लग्न लावायलाव?’’

‘‘दोघांचं हाय. एक जोडपं आधीच म्हातारं हाय.’’

‘‘आपल्या पोरीचं बी लिवा की एखादं.’’

या बावीस घरांत दर्ग्याकडच्या गल्लीतलं एक घर हुरमत बींचं. घरात दोघीच. हुरमत बी साठीच्या पुढच्या, मिस्सीनं काळे केलेले दात, कडक. आणि त्यांची सून रफअत, तिशीच्या आतली. मुलगा इनायत एकाहत्तरच्या हिवाळ्यात मुंबईला गेला, तिथून लाँचनं दुबईला जातो असं कळवलं, आणि मग काही कळवलं नाही. रफअत दिवसा शिवणकाम करी आणि दुपारी सासूला कादंबरी वाचून दाखवी, कारण हुरमत बी अनपढ. सटवाजींच्या सगळ्या वाचकांत रफअत सगळ्यात हुशार. खुनी कोण हे जिथं तिला कळे, त्या ओळीखाली ती नखानं एक रेघ ओढी. सटवाजी पुस्तक परत आल्यावर ती रेघ शोधत. ती बहुधा त्यांच्यापेक्षा तीस पानं पुढं असे.

या घराची एक गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती आणि कोणी मोठ्यानं बोलत नसे. रोज दुपारी हुरमत बी तामचिनीच्या ताटात मुलाचं जेवण वाढत, वर दस्तरखानाचं फडकं झाकत आणि मागच्या खोलीत ठेवून दार लोटून घेत. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाआधी दार उघडलं की ताट रिकामं असे. नुसतं रिकामं नाही, बोटानं पुसल्यासारखं. घरात मांजर नव्हतं. मागच्या खोलीला खिडकी नव्हती.

सटवाजी म्हणत, ‘‘घरात दोन माणसं हायत, दोघींना पोट हाय. त्यात काय?’’

शहात्तरच्या फेब्रुवारीत दर्ग्याचा उरूस उठला आणि रफअतचा भाऊ वालूरच्या एका मास्तरांचं स्थळ घेऊन आला. मास्तरांचं नाव अलीमुद्दीन, विधुर, एक लहान मुलगी, बोलणं सौम्य. मौलवींनी सांगितलं की नवरा चार वर्षं बेपत्ता असला की बाईला मोकळं होता येतं. ती चार वर्षं झाली. हुरमत बी नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी ताटात एक पोळी जास्त वाढली.

हे सटवाजींना फार उशिरा कळलं. त्यांना कळलं ते एवढंच, की जूनमध्ये एका रविवारी ‘सातवा दालान’ नावाची कादंबरी टोपलीतून परत आली, ती शेवटच्या सोळा पानांशिवाय. टाटाआडून रफअतचा आवाज आला. ती सहसा बोलत नसे.

‘‘चाचा, आखरी पन्ने कुठं हायत?’’

‘‘गळाले असतील, बेटी.’’

‘‘मी वाचायच्या आधीच गळाले. तुमच्याकडं दुसरी कापी न्हाई?’’

‘‘न्हाई.’’

‘‘मग शोधा, चाचा. कुठून बी. लय गरज हाय.’’

‘सातवा दालान’ मध्ये निलोफर नावाची बाई सहा वर्षं हरवलेल्या नवऱ्याची वाट पाहते, आणि हवेलीच्या सातव्या दालनात रोज कोणीतरी येऊन जातं. कोण, ते शेवटच्या सोळा पानांत. सटवाजींनी हे पुस्तक स्वतः कधी पुरतं वाचलेलं नव्हतं. शोधणार कुठं? त्यांनी नेहमीसारखा बोरू टोकरला आणि एका बैठकीत नवरा परत आणला. दारात उभा केला. निव्वळ परत आणणं फिकं वाटलं म्हणून त्याच्या अंगावर राखी शाल दिली आणि डावा पाय जरा ओढत चालायला लावला. ‘‘भूक लागली आहे,’’ एवढंच तो बोलतो आणि पुस्तक संपतं. सटवाजींना हा शेवट आवडला. पाठोपाठच्या रविवारी तो टोपलीतून आत गेला.

त्यानंतरच्या रविवारी पुस्तक परत आलं. सटवाजींनी सवयीनं रेघ शोधली. शेवटच्या ओळीखाली होती, इतकी खोल की कागद फाटला होता.

‘‘चाचा,’’ टाटाआडून रफअत म्हणाली, ‘‘वालूरला न्हाई म्हणून कळवलं.’’

‘‘काय न्हाई म्हणून?’’

मग तिनं सगळं सांगितलं. स्थळ, मौलवी, भाऊ. सासू-सुनांनी फाल, म्हणजे पुस्तकातून शकुन, काढायचा ठरवला होता. मोठ्या घरांत फाल काढायला मोठ्या शायरांचे दीवान, कवितांचे संग्रह, असतात. या घरात कादंबऱ्या होत्या. हुरमत बींनीच ठरवलं होतं: निलोफरची गत तीच आपली. तिचा नवरा मेलेला निघाला तर रफअतनं खुशाल वालूरला जावं. जिवंत निघाला तर तोंडातून त्या मास्तराचं नाव काढायचं नाही.

‘‘बेटी, असं कोणी ठरवतं का?’’

‘‘मग कसं ठरवायचं, चाचा? कोणाला विचारायचं?’’ तिनं टोपली आत ओढून घेतली. ‘‘मी तर खूष व्हायला पायजे ना. परत आला की तो.’’

तिचा आवाज खूष नव्हता.

सटवाजी सायकल हातात धरून चालतच घरी आले. फालावर त्यांचा विश्वास नव्हता. पण एका बाईचं पुढचं आयुष्य आपण एक कप चहा संपेपर्यंत लिहून टाकलं, यावर विश्वास ठेवणं भागच होतं. खरा शेवट सापडला तर तिला मोकळीक मिळेल, निदान आपण खोटं लिहिलं हे तरी सांगता येईल. म्हणून त्यांनी पुस्तक पुढ्यात घेतलं आणि पहिल्यांदाच, वाचक म्हणून नव्हे, दफ्तरी म्हणून पाहिलं.

गळालेलं पान पाठीमागं खळीचा पापुद्रा सोडून जातं. ओढून फाडलेलं पान दातेरी कडा सोडतं. इथं दोन्ही नव्हतं. कडा मऊ, नागमोडी आणि स्वच्छ होती. पुस्तकाच्या घडीत ओला दोरा ठेवून पुस्तक मिटलं, थोड्या वेळानं दोरा ओढला की पान अशी कडा सोडून, आवाज न करता निघतं. हे कोणीतरी बसून, सवडीनं केलेलं काम होतं.

मग त्यांनी त्या घरातून त्र्याहत्तरपासून आलेली पुस्तकं काढली. अकरा पुस्तकांची शेवटची पानं तिथं गेली होती, सगळी त्याच रीतीनं. सटवाजी फर्मे सुटण्याला दोष देत राहिले आणि शेवट लिहीत राहिले. त्यांतल्या सात पुस्तकांचे खरे शेवट त्यांना आता नीट आठवले. सातांतही वाट पाहणाऱ्या माणसाकडं कोणी परत येत नाही. ज्यांत येतं, ती पुस्तकं त्याच घरातून पूर्ण परत आली होती.

म्हणजे कापणारं माणूस आधी वाचत होतं, मग कापत होतं.

सुलाबाई निवडत असलेलं धान्य बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘‘असं भिंतीकडं काय बघायलाव?’’

‘‘त्या घरात वाचता येणारी एकच हाय. आणि ती तर शेवट मागायलीय.’’

‘‘म्हातारी?’’

‘‘अनपढ हाय.’’

‘‘मग तिसरं कोण हाय घरात?’’

त्या घरात तिसऱ्याचं ताट तेवढं होतं. सटवाजी त्या दिवशी जेवले नाहीत, आणि का जेवले नाहीत याचं कारण त्यांनी पोट बिघडलंय असं दिलं.

ऑगस्टात शब-ए-बरात आली. त्या सुमारास हुरमत बींचं एक काम दरवर्षी सटवाजींकडं असे. ज्या कागदावर अल्लाचं नाव असेल तो कागद पायदळी जाऊ नये, जाळू नये, रद्दीत घालू नये, असा रिवाज आहे. कुराणाची सुटी पानं, बिस्मिल्ला छापलेल्या लग्नपत्रिका, दर्ग्याची पत्रकं असं सगळं वर्षभर एका उशीच्या खोळीत साठवायचं आणि मग मशिदीमागच्या जुन्या कोरड्या विहिरीत अदबीनं सोडायचं. इनायत गेल्यापासून ही खोळ पोचवायला घरात पुरुष नव्हता. हुरमत बींनी गल्लीतल्या कोणा मुसलमानाला न सांगता सटवाजींना सांगितलं. म्हणाल्या होत्या, ‘‘तू कागदाचा माणूस हायस. तू बेअदबी न्हाई करणार.’’ बौद्ध सटवाजी मग हात धुऊन, चप्पल काढून ती खोळ विहिरीत सोडत. चार वर्षं त्यांनी हे नेमानं केलं. खोळीचं तोंड शिवलेलं असे, ते कधी उघडलं नव्हतं.

या वर्षी विहिरीच्या कठड्यावर खोळ ठेवली आणि ते थांबले. सकाळचे दहा वाजले असतील. ऊन होतं, मशिदीच्या आवारात कोणी नव्हतं. खोळ हाताला नेहमीपेक्षा जड लागली. दफ्तऱ्याच्या खिशात सुई-दोरा कायम असतो. उसवून पुन्हा शिवलं तर कोणाला कळणार नव्हतं. उसवायला फारतर पाऊण मिनिट लागतं. सटवाजींना त्या दिवशी पुष्कळ वेळ लागला, कारण टाका तुटला की विहिरीतून वर, अगदी हळू, कागद सळसळल्यासारखा आवाज येई. ते थांबले की थांबे. कोरड्या विहिरीत पाली असतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. विहिरीत मात्र वाकून पाहिलं नाही.

खोळीत कुराणाच्या पानांखाली एक जुडगा होता, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला. अकराही पुस्तकांचे शेवट. त्यांनी आजवर विहिरीत सोडलेल्या खोळींत ते नव्हते. या वर्षी सगळे एकदम निरोपाला निघाले होते. वरच ‘सातवा दालान’ची सोळा पानं. निलोफरचा नवरा पहिल्याच वर्षी समुद्रात गेला होता, आणि सातव्या दालनात येणारं कोणीही नव्हतं. निलोफर स्वतःच तिथं जाऊन स्वतःशी बोलत होती. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं पान उलटताना अंगठा लागतो, तिथं काळा डाग होता. सटवाजींनी नाकाशी नेला. मिस्सी.

अनपढ माणूस पान कापेल, लपवेल. एकेक करून उलटणार नाही.

जुडग्याच्या तळाशी एक फोडलेला लिफाफा होता. वर रफअतचं नाव, बहात्तरच्या ऑक्टोबरचा शिक्का. इनायतबरोबर लाँचवर असलेल्या कोण्या रत्नागिरीच्या माणसानं लिहिलं होतं. वाईट उर्दू, पण समजण्यासारखं. गेल्या जानेवारीत लाँचवर ताप आला. चौथ्या दिवशी इनायत गेला. नमाज पढून त्याला पाण्यात सोडलं. शेवटपर्यंत तो म्हणत होता, घरी माझं ताट झाकून ठेवलं असेल.

सटवाजी खाली बसले. मग त्यांनी कुराणाची पानं तेवढी खोळीत परत घातली, तोंड शिवलं, खोळ विहिरीत सोडली, आणि जुडगा आणि लिफाफा सदऱ्यात घालून हुरमत बींच्या दारात आले. रफअत शिवलेले कपडे पोचवायला शेजारी गेली होती. हुरमत बी सटवाजींसमोर येत. त्यांचं वय झालं होतं, पडदा नव्हता. त्यांनी सटवाजींच्या सदऱ्याचा फुगवटा पाहिला.

‘‘वाचलंस?’’

‘‘हौ, बी अम्मा.’’

‘‘बेअदबी केलीस.’’

‘‘हौ.’’

त्या उंबऱ्यावर बसल्या. ‘‘माझ्या दादीनं मला वाचायला शिकवलं. लिहायला न्हाई, लिहिणारी पोरगी चिठ्ठ्या पाठवते म्हणून. या घरात आले, तर इथं वाचणारी बी चालत नव्हती. म्हणाले, हिला वाचता येतं का? मी म्हणाले, न्हाई. तेव्हाच ते खोटं पक्कं झालं. मग मिया गेले, सून आली, ती वाचून दाखवायला लागली. आता कुठं सांगायचं?’’

‘‘आणि हे?’’ सटवाजींनी लिफाफ्यावर हात ठेवला.

‘‘पोस्टमन म्हणाला, बी, कोणाकडून तरी वाचून घ्या. मी चुलीपाशी बसून वाचलं.’’ त्यांचा आवाज अगदी साधा होता. ‘‘अनपढ बाईला असली खबर कळत न्हाई, दफ्तरी. तिला कोणी वाचून दाखवेपर्यंत तिचा पोरगा जिता असतो. मी कोणाला वाचायला दिलंच न्हाई.’’

‘‘पण पोरीची चार वर्षं गेली, बी अम्मा.’’

‘‘म्हणून तर खोळीत घातलं. माझ्या हातानं तिला देववेना. विहिरीत गेलं असतं तर सुटले असते मी.’’

‘‘आणि ती? कादंबरीवर फाल तुमीच लावला. शेवट बी तुमीच कापला.’’

हुरमत बी किंचित हसल्या. काळे दात दिसले. ‘‘तुझे शेवट मला माहीत हायत. चौदा वर्षांत तू एक माणूस मारला न्हाईस. मला ठाऊक होतं, तू त्याला घेऊन येणार.’’ मग हसू गेलं. ‘‘पण तू त्याचा डावा पाय ओढता लिहिलास. लहानपणी त्याच्या डाव्या पायात तार घुसली होती. दमला की ओढायचा. आणि जाताना राखी शाल नेली त्यानं. हे तुला कोणी सांगितलं?’’

‘‘कोणी न्हाई.’’

‘‘रफअतला वाटतंय तिनं कधी सांगितलं असेल. मला वाटलं मी सांगितलं असेल.’’

‘‘तुमच्यापैकी कोणी न्हाई सांगितलं. मी नुसतंच लिहिलं.’’

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दुपारचं ताट आत गेलेलं होतं.

‘‘बी अम्मा, ताट कोण खातं?’’

‘‘रफअत. मला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप खाते. तिला वाटतं मला कळत न्हाई. खाऊ दे, तसं बी नुसती हाडं उरलीयत.’’ त्या उठल्या. ‘‘रोज्याच्या महिन्यात मात्र ती कुठं टाकते कोण जाणे. कुत्र्याला देत असेल.’’

मग त्यांनी पदर डोक्यावर घट्ट ओढला. ‘‘ती आली की वाचून दाखव. दोघींना. मी अनपढ हाय, हे ध्यानात ठेव.’’

रफअत आली. टाटाच्या आत ती, उंबऱ्यावर सासू, बाहेर सायकलला टेकून सटवाजी. त्यांनी सांगितलं की कागद खाली सोडण्याआधी एक लिफाफा निसटून पडला, त्यावर नाव दिसलं. अनपढ बाई, उर्दू अक्षर दिसलं की अल्लाचं नाव असेल म्हणून खोळीत टाकते. अशी चूक आपल्याकडं होतेच. मग त्यांनी पत्र वाचलं. कचेरीतले कागद वाचत तसं सावकाश, प्रत्येक ओळ सुटी. समुद्राशी आले तेव्हा हुरमत बींनी किंकाळी फोडली. सटवाजी नंतर सुलाबाईंना म्हणाले की ती किंकाळी खोटी नव्हती. चार वर्षं दाबून ठेवलेली होती, एवढंच.

टाटाच्या आतून रफअत म्हणाली, ‘‘चाचा, तारीख पुन्हा वाचा.’’

त्यांनी वाचली.

इद्दतीचा प्रश्न निघाला. विधवेनं चार महिने दहा दिवस घरात बसायचं. मौलवींनी किताब पाहून सांगितलं की इद्दत मरणाच्या दिवसापासून मोजतात, खबरीच्या नाही; तेव्हा रफअतची इद्दत बहात्तरच्या उन्हाळ्यातच पूर्ण झाली आहे. ती विधवा झाली, इद्दतीत बसली आणि बाहेर पडली, हे सगळं तिला न कळता आटोपलं होतं. कायदा कधीकधी माणसापेक्षा पुष्कळ पुढं असतो.

वालूरच्या अलीमुद्दीन मास्तरांनी नकाराचं पत्र आल्यावर दुसरीकडं बघितलेलं नव्हतं. ईद झाली आणि निकाह झाला. निघायच्या आदल्या रविवारी टोपलीत पुस्तक नव्हतं, रफअतच्या हातचे दोन शिवलेले सदरे होते, सटवाजींच्या मापाचे. माप तिनं टाटाच्या विणीतूनच घेतलं असणार. बरोबर बसले.

‘‘चाचा, एक सांगते, अम्मीला नका सांगू. ताट मी खायचे. तिला वाटावं तो येऊन जातो म्हणून.’’

‘‘बरं केलंस.’’

‘‘रोज्यात तेवढं न्हाई. रोजा मी कधी मोडला न्हाई. तेव्हा अम्मीच चिमण्यांना टाकत असेल. मी गेल्यावर बी तीच टाकेल ना?’’

सटवाजी ‘‘हौ’’ म्हणाले. सायकलवर बसून कोपऱ्यापर्यंत गेले, आणि तिथं एक पाय टेकून उभे राहिले. दोघींची दोन वाक्यं आता एकाच माणसाजवळ होती. चार वर्षांचे चार रोज्याचे महिने. ही म्हणते तिनं टाकलं, ती म्हणते हिनं. त्यांनी खून आणि कुलूपबंद खोल्या यांची तीनशे पुस्तकं वाचली होती, आणि अशा जागी त्यांतला प्रत्येक हुशार माणूस परत फिरून आणखी एक प्रश्न विचारतो. सटवाजींनी पायडल मारलं.

रफअत वालूरला रमली. मास्तरांच्या मुलीला तिनं वाचायला आणि लिहायलाही शिकवलं. परभणीला येणाऱ्या माणसाबरोबर ती पुस्तकं मागवी. नखाची रेघ परत येऊ लागली, आता तीसऐवजी चाळीस पानं आधी.

दर्ग्याकडच्या गल्लीत हुरमत बी एकट्या राहिल्या. वाचून दाखवायला कोणी नाही म्हणून रविवारी दुपारी सटवाजी उंबऱ्याबाहेर बसून त्यांना कादंबरी वाचून दाखवू लागले. गल्लीला यात चांगुलपणा दिसला. दोघांना आपापलं सोंग माहीत होतं. कधी सटवाजींची ओळ सुटली की हुरमत बी न राहवून म्हणत, ‘‘वरची राहिली,’’ आणि लगेच पदरानं तोंड पुसत. पुस्तकं आता पूर्ण असत. सटवाजींनी ते अकरा शेवट परत जागच्या जागी शिवले होते आणि आपले काढून टाकले होते. फक्त ‘सातवा दालान’ला दोन शेवट राहू दिले. एक छापलेला, एक लिहिलेला.

सत्त्याहत्तरच्या रमजानात, एका रविवारी, ते तेच पुस्तक वाचत होते. ऊन डोक्यावर होतं. हुरमत बींचा रोजा, ओठ सुकलेले. त्यांनी मधेच उठून तामचिनीचं ताट वाढलं, फडकं झाकलं, मागच्या खोलीत ठेवलं, दार लोटलं आणि परत येऊन समोर बसल्या. घरात तिसरं कोणी नव्हतं. सटवाजींनी छापलेला शेवट वाचला. हुरमत बींनी तो ऐकला आणि म्हणाल्या, ‘‘आता दुसरा.’’

सटवाजींनी आपलं अक्षर पुढ्यात घेतलं. दारात कोणी उभं आहे, अंगावर राखी शाल आहे, असं वाचलं. तेवढ्यात मागच्या खोलीत तामचिनीचं ताट फरशीवर जरासं सरकलं. मग पुन्हा सरकलं, भुकेल्या माणसानं जवळ ओढावं तसं.

सटवाजींनी हुरमत बींकडं पाहिलं. त्या पुस्तकाकडं पाहत होत्या.

‘‘वाच,’’ त्या म्हणाल्या.

सटवाजी वाचू लागले. जरा मोठ्यानं, आतपर्यंत ऐकू जाईल असं.